इंकस्केपमध्ये पेपर कटिंग : कुणी करतं का?

टाचणी (धागाकर्ती)

शिवण मी बरीच वर्षं करतेय. ब्राऊन पेपर, गुनिया, पट्टी आणि टोक केलेली पेन्सिल. कपाटावर कागदाच्या गुंडाळ्या साठल्या आहेत आणि त्यातल्या अर्ध्यांवर काय लिहिलंय ते माझं मलाच लागत नाही. "पुढचा भाग, नवीन, बरोबर" असं लिहिलेले तीन पुढचे भाग सापडले, तिघांचा मुंढा (बाही जोडतात ती गोलाई) वेगळा! त्या दिवशी वैतागून ड्राफ्टिंग, म्हणजे कपड्याचे भाग मापाने आखणं, संगणकावर न्यायचं ठरवलं. दीड वर्ष झालं. जे जमलं आणि जिथे तोंडावर आपटले ते लिहितेय. इथे आणखी कुणी हे करत असेल तर भर घाला.

इंकस्केप घेतलं कारण ते फुकट आणि मुक्त आहे. त्याची एसव्हीजी फाइल खुल्या मानकातली असल्यामुळे उद्या दुसरं काही वापरावंसं वाटलं तरी काम अडकून पडत नाही. एक गोष्ट आधीच सांगते. हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर आहे. कापड म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही. मुंढा आणि बाही एकमेकांना शिवायचे आहेत, हेही त्याच्या गावी नसतं. तुम्ही चुकीची रेघ मागितली तर तो निमूटपणे चुकीची रेघ देतो, आणि ती इतकी सुबक असते की बरोबरच वाटते.

सुरुवात पानापासून. डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये एकक मिलिमीटर किंवा सेंटिमीटर करा. मी पान १०० × १२० सें.मी.चं ठेवते, छपाईचं नंतर बघते. मग प्रेफरन्सेसमध्ये जाऊन बाउंडिंग बॉक्स 'व्हिज्युअल'वरून 'जॉमेट्रिक'वर आणा. यात मी पहिल्याच आठवड्यात फसले. २५ सें.मी. रुंद चौकोन काढला की वर २५.१ दिसायचं. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की रेघ १ मि.मी. जाड आहे आणि तिची निम्मी निम्मी जाडी दोन्ही बाजूंना धरून तो रुंदी सांगतोय.

बाकी ड्राफ्टिंग आपल्या नेहमीच्या क्रमानेच. छाती ९२, सैलपणा ८, चौथाई २५. तेवढ्या रुंदीचा आणि पाठीच्या उंचीचा चौकोन, त्यावर छातीची, मुंढ्याची, कमरेची रेघ गाइडलाइन ओढून. गाइडवर दोनदा क्लिक केलं की जागा आकड्यात टाकता येते, तिरकी हवी तर कोनही. नोड (रेघेवरचा बिंदू) निवडला की वरच्या पट्टीत त्याचे एक्स आणि वाय दिसतात, तिथेही थेट माप लिहिता येतं. १.० आवृत्तीपासून शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात आलंय आणि वाय खाली वाढतो. आपणही गळ्यापासून खालीच मोजत येतो, त्यामुळे मला ते फार सोयीचं पडलं. आधी तो खालून वर मोजायचा आणि मी प्रत्येक वेळी वजाबाकी करत बसायचे.

आता खरी मेख, गोलाई. पेनने टिचक्या मारत दहा-बारा नोड टाकले की मुंढा खडबडीत होतो. मुंढ्याला तीन नोड पुरतात: खांद्याचं टोक, छातीकडचा सर्वांत खोल बिंदू आणि बगल. गळ्याला दोनच. बाकी सगळं दांड्यांचं (नोडमधून निघणाऱ्या, वळण ठरवणाऱ्या हँडलांचं) काम. घडीवर येणाऱ्या टोकाची दांडी घडीशी काटकोनातच हवी, नाहीतर कापड उलगडल्यावर गळ्याच्या मधोमध टोक तरी येतं नाहीतर खळगा. दांडी ओढताना कंट्रोल दाबून धरलं की ती १५ अंशांच्या टप्प्यांनी फिरते, काटकोन हमखास सापडतो. खांद्याच्या टोकाशीही तसंच. मागच्या भागाची प्रत काढून पुढच्या भागाच्या खांद्याला जोडून बघा, गळा आणि मुंढा एका दमात वळले पाहिजेत. कागदावर हे करायला टाचण्या लागायच्या, इथे दहा सेकंद.

माया (शिवणीबाहेर सोडायचं जादा कापड) देण्यासाठी पाथ मेनूतलं 'लिंक्ड ऑफसेट' वापरते. मूळ रेघ हलवली की बाहेरची आपोआप हलते. त्याचा एक दोष म्हणजे कोपरे गोल होतात. टोकदार कोपरे हवे असतील तर पाथ इफेक्ट्समधला 'ऑफसेट' घ्या आणि जोड 'माइटर' ठेवा.

छपाई, टक्स (कपड्याला आकार देणाऱ्या शिवलेल्या चिमट्या) आणि साइझ वाढवण्याबद्दल प्रतिसादांत लिहीन, बोटं दुखली.

रिकामी_बॉबिन

वाचनखूण साठवली. "नवीन, बरोबर" वाचून फार हसले. माझ्याकडे "फायनल" आणि "फायनल खरं" आहेत.

जुनी_कात्री

टाचणीताई, लेख चांगला आहे. पण एक विचारतो, राग मानू नका. मी कापडावर खडूने थेट आखतो. एक पुढचा भाग आखायला मला दहा मिनिटं लागतात. तुम्ही दांड्या ओढत बसणार, मग छापणार, मग कागद चिकटवणार, मग कापणार. यातून मिळवलं काय?

दुसरं म्हणजे परीक्षा म्हणून विचारतो. बाही मनगटाकडे निमुळती आहे, खाली ३ सें.मी. दुमड द्यायची आहे. तुमचं ते ऑफसेट काय करेल?

टाचणी

काका, राग कसला! पहिल्या ड्राफ्टला मला तुमच्या चौपट वेळ लागतो, खरंच आहे. फायदा पाचव्या ड्राफ्टला. एकदा अंगाला बसलेला साधा ब्लॉक (मूळ नमुना) फाइलमध्ये असला की त्याची प्रत काढायची, गळा बदलायचा, टक्स फिरवायचे. मूळ ब्लॉकला धक्का लागत नाही. कागदावर मी मूळच कापून बसायचे.

आणि परीक्षेत ऑफसेट नापास. तो बाजूची रेघ सरळ खाली नेतो, म्हणजे दुमडीचं खालचं टोक अरुंद होतं आणि वर दुमडलं की दोन्हीकडून कमी पडतं. तिथे मी बाहीच्या तळाच्या ३ सें.मी. तुकड्याची प्रत काढते, 'व्ही' दाबून उभी उलटवते आणि दुमडीच्या रेघेखाली लावते. दुमड बाहेरच्या बाजूला पसरते, वर घेतली की बरोब्बर बसते. पास का?

जुनी_कात्री

पास. कागद दुमडून कापला की हेच होतं, पण ठीक आहे.

रेषाक्षर

मी पोटापाण्यासाठी ग्राफिक्स करते आणि शिवण छंद म्हणून, त्यामुळे इलस्ट्रेटर आधीपासून हाताशी होतं. पद्धत तीच, नावं वेगळी. तिथलं 'ऑफसेट पाथ' विचारतंच की जोड माइटर हवा की गोल. आणखी एक सोय अशी की पीडीएफ करताना लेयर टिकवता येतात. प्रत्येक साइझ वेगळ्या लेयरवर ठेवली की ज्याला जी हवी ती चालू करून तो छापू शकतो. सहा साइझच्या रेघांच्या जंगलात बोट ठेवून आपली रेघ शोधण्याचा त्रास ज्याने भोगलाय त्याला याची किंमत कळेल.

सावधगिरी एकच. इलस्ट्रेटरमधून एसव्हीजी काढून ती इंकस्केपमध्ये उघडली तर सगळं पाऊणपट होतं. इलस्ट्रेटर एका इंचात ७२ एकक धरतो, इंकस्केप ९६. उघडल्या उघडल्या १३३.३३३ टक्के करा, नाहीतर बाहुलीचा फ्रॉक शिवून होईल.

उसवण

मदत हवी आहे. मी अगदी नवी आहे, शिवणातही आणि इंकस्केपमध्येही. टाचणीताईंच्या पद्धतीने पुढचा भाग, मागचा भाग, बाही केली. १ सें.मी. माया. 'मेजर पाथ' एक्स्टेन्शनने लांबी काढली. मुंढा पुढचा-मागचा मिळून ४०.९, बाहीची कॅप (मुंढ्याला जोडायची वरची गोलाई) ४२.९. म्हणजे बाही २ सें.मी. जास्त, पाहिजे तेवढी. खांद्याची आणि बगलेची माया मोजली नाही, खाचेपासून खाचेपर्यंतच मोजलं. तरी शिवताना बाही कमी पडली! मुंढा सेंटिमीटरभर उरतोय. मांजरपाटावर (सरावाच्या साध्या कापडावर) होतं म्हणून वाचले. दोनदा उसवलं. आयडीला जागते आहे.

रिकामी_बॉबिन

कापड ताणलं गेलं असेल. मुंढा उरेब (तिरका) जातो, हाताळताना वाढतो.

रेषाक्षर

छपाईत फरक पडला असेल का? बाही आणि अंग वेगवेगळ्या दिवशी छापलंत का?

उसवण

एकाच दिवशी, एकाच पीडीएफमधून. १० सें.मी.चा चौकोन पट्टीने मोजला, बरोबर १० आहे. मुंढा ताणला म्हणावा तर आधी कच्चा धावदोरा घातला होता.

आडवातिडवा

उसवण, एक सांगा. मुंढा कोणत्या रेषेवर मोजलात? टिपेच्या (जिथे शिलाई पडते त्या) की कापायच्या?

उसवण

कापायच्या. बाहेरची. तीच छापली होती ना. दोन्हीला १ सें.मी.च माया आहे, मग फरक का पडावा?

आडवातिडवा

तिथेच पडतो. सरळ रेघेला समांतर रेघ काढली की लांबी तेवढीच राहते. गोलाईला तसं होत नाही. रेघ किती वळते आणि माया किती, यांचा गुणाकार एवढा फरक येतो. पूर्ण वर्तुळाचं उदाहरण घ्या, ते सोपं आहे. कंबर ७२, गोल घेराचा स्कर्ट. त्रिज्या ७२ भागिले ६.२८, म्हणजे ११.४६ सें.मी. कमरेला १ सें.मी. माया आतल्या बाजूला जाते, तेव्हा कापायचं वर्तुळ १०.४६ त्रिज्येचं. त्याची कड मोजलीत तर ६५.७ येईल. सव्वासहा सेंटिमीटर गायब! पण टीप ७२ वरच पडणार आहे, म्हणून स्कर्ट बसतो.

मुंढा अंगाच्या तुकड्यात आत वळलेला असतो आणि माया त्या खोलगटात जाते. पुढचा मुंढा खांद्यापासून बगलेपर्यंत साधारण ९० अंश वळतो, म्हणजे पाव वर्तुळ. ६.२८ चा पाव १.५७. मागचाही तेवढाच. एकूण ३.१ सें.मी. तुमचा टिपेवरचा मुंढा असणार ४४ च्या आसपास.

आता बाही का तशी घटली नाही? कॅप बगलेपाशी आत वळते, वर बाहेर वळते, पलीकडे पुन्हा आत. आतलं आणि बाहेरचं वळण एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतं, म्हणून तिची कापायची आणि टिपेची रेघ साधारण सारखीच. म्हणजे खरी तुलना ४४ ला ४२.९. बाही सेंटिमीटरभर कमी. तुम्हाला हवी होती ४६ ची.

दुरुस्ती: टिपेची रेघ वेगळ्या लेयरवर ठेवा, मोजमाप फक्त तिच्यावर. माया हा सगळ्यात शेवटचा थर.

जुनी_कात्री

हे गणित मला येत नाही, पण गोष्ट ओळखीची आहे. गळ्याला आणि मुंढ्याला पट्टी लावून उलटवायच्या आधी आम्ही मायेला कट मारतो ते याचसाठी. कापलेली कड टिपेपेक्षा आखूड असते, ती पालथी घालताना ताणते आणि गळ्याला घडी पडते. कट मारला की मोकळी होते. आणि बाहेर फुगलेली गोलाई असेल, कॉलरचं टोक वगैरे, तिथे उलटं. कड जास्त होते, आत गोळा होते, म्हणून तिथे त्रिकोणी कापून काढायचं. आडवातिडवा यांनी त्याचं कारण सांगितलं, आभार.

उसवणबाई, मोजताना टेप कडेवर उभी धरून टिपेच्या खुणेवर चालवा. सगळे जुने लोक तसंच मोजतात.

उसवण

४३.९६!!! आत्ता टिपेच्या रेघेवर मोजलं. काका, दादा, दोघांचेही आभार. बाही पुन्हा काढते.

मापात_पाप

छपाईचा विषय निघालाच आहे तर लिहितो. आयडी अनुभवातून आला आहे.

१० सें.मी.चा चौकोन प्रत्येक फाइलमध्ये ठेवा आणि पहिला कागद बाहेर आला की लोखंडी पट्टीने दोन्ही बाजू मोजा. किती आला यावरून रोग कळतो. ७.५ आला तर रेषाक्षर म्हणतात तो इलस्ट्रेटरचा प्रकार. ९.३७ किंवा ९.४ च्या जवळ आला तर बहुधा जुनी इंकस्केप फाइल. ०.९२ आवृत्तीच्या आधी तो इंचाला ९० पिक्सेल धरायचा, नंतर ९६ धरू लागला. जुनी फाइल उघडताना तो विचारतो की मोठी करू का, आणि आपण घाईत काहीतरी दाबून मोकळे होतो. माझा एक शर्ट त्यात गेला. छाती १०४ ची ९७.५ झाली होती. साडेनऊच्या आसपास आला तर प्रिंटरने 'फिट टू पेज' केलंय, 'अ‍ॅक्च्युअल साइझ' निवडा. आणि एक बाजू १०, दुसरी ९.९ असेल तर प्रिंटर कागद ओढताना घसरतोय, त्याला सॉफ्टवेअर काही करू शकत नाही.

मोठं पान तुकड्यांत छापायला अ‍ॅक्रोबॅट रीडरचा 'पोस्टर' पर्याय पुरतो. स्केल १००, ओव्हरलॅप १ सें.मी., कटमार्क आणि लेबल चालू. प्रत्येक पानावर ओळ आणि रकाना छापला गेला नाही तर बारा ए४ कागद जमिनीवर पसरून पत्त्यांचा डाव मांडल्यासारखं होतं. चिकटवताना एका सांध्याला अर्धा मि.मी. सरकला तर काही वाटत नाही, पण चार कागद आडवे म्हणजे तीन सांधे, दीड मि.मी., आणि तो चौथाईवर. पूर्ण घेरात ६ मि.मी. फिट कपड्यात ते जाणवतं. म्हणून मी आधी सगळ्या पानांमधून जाणारी एक लांब आडवी आणि एक उभी रेघ काढून ठेवतो आणि चिकटवताना तीच जुळवतो, पानाच्या कडांवर विश्वास ठेवत नाही.

ए० चा प्लॉटर कुठे मिळत असेल तर सगळ्यात उत्तम. एक ए० म्हणजे सोळा ए४, एकही सांधा नाही.

रिकामी_बॉबिन

प्रिंटआउट जोडताना मांजर येऊन बसतं त्यावर उपाय?

मापात_पाप

तेही अ‍ॅक्च्युअल साइझमध्येच येतं. उपाय नाही.

आडवातिडवा

आता जरा वादाचं बोलतो. टाचणीताई, इंकस्केपमध्ये ड्राफ्टिंग म्हणजे गणकयंत्र असताना पाटीवर बेरीज करण्यासारखं आहे. व्हॅलेंटिना आणि सीमली टूडी बघितलंत का? एकाच झाडाच्या दोन फांद्या, दोन्ही मुक्त. तिथे तुम्ही बिंदू काढताना २५ लिहीत नाही, "छाती भागिले चार अधिक दोन" असं सूत्र लिहिता. मापांची यादी वेगळी. माणूस बदलला की यादी बदला, सगळा ड्राफ्ट स्वतः नव्याने आखला जातो. टिपेची रेघ आणि माया मुळातच वेगळ्या, म्हणजे उसवण यांची चूक तिथे करणं अवघड. प्रोग्रामिंग येत असेल तर फ्रीसुइंग आहे, तिथे आख्खा पॅटर्न जावास्क्रिप्टमध्ये लिहायचा.

टाचणी

बघितलंय, महिनाभर व्हॅलेंटिनाच वापरत होते. पाच माणसांसाठी एकच पँट करायची असती तर मीही तिकडेच गेले असते. पण माझं काम तसं नाही. मी ड्राफ्टिंग करताना बघून ठरवते. गळा जरा खाली, नको वर, इथून तिरका पॅनल काढून बघू. सूत्रांत बांधलेल्या ड्राफ्टमध्ये एक बिंदू हलवायचा तर तो कशावर अवलंबून आहे ते शोधत मागे जावं लागतं. तिसाव्या बिंदूनंतर माझा धीर सुटला. शिवाय मुंढ्याची गोलाई सूत्राने आली तरी मला ती डोळ्यांनी ठीक करावीच लागते.

आणि खरं सांगू? सूत्र बरोबर असलं म्हणून कपडा बसतोच असं नाही. एकाच छातीच्या दोन बायका. एकीची पाठ रुंद, दुसरीची छाती भरलेली. चौथाई दोघींची सारखीच येते.

आडवातिडवा

शेवटचं मान्य. त्यासाठी पुढची आणि मागची छाती वेगळी मोजायची, सूत्रात तीही घालता येतात. पण पँटचं तुम्हीच कबूल केलंत, तेवढं मला पुरे.

अवांतर: ज्या दांड्या आपण ओढतोय त्या मोटारींच्या कारखान्यातून आल्यात. सिट्रोएनमधल्या पॉल द कास्तेल्झो यांनी १९५९ मध्ये आणि रेनोमधल्या पिएर बेझिए यांनी त्यानंतर लगेच, वेगवेगळे, हे वक्र बसवले. प्रश्न आपलाच होता. हाताने काढलेली गोलाई दुसऱ्याला जशीच्या तशी कशी सांगायची. सिट्रोएनने काम गुपित ठेवलं, म्हणून नाव बेझिएंचं लागलं.

निळा_खडू

टक्स फिरवायचे कसे? मला खांद्यातला टक बगलेत न्यायचा आहे. कागदावर कापून बंद करते, तसं इथे?

टाचणी

तसंच, फक्त कात्री नाही. बगलेच्या शिवणीवर जिथे नवा टक हवा तिथे नोड टाका आणि तिथे व जुन्या टकच्या दोन्ही पायांशी रेघ तोडा. जुना टक आणि नवी जागा यांच्यामधला तुकडा निवडा, पुन्हा एकदा क्लिक करा, फिरवायचे बाण येतात आणि मध्ये एक अधिकचं चिन्ह दिसतं. ते ओढून छातीच्या बिंदूवर नेऊन बसवा, स्नॅप चालू असू द्या. आता तुकडा फिरवा, जुना टक मिटेपर्यंत. इथे कंट्रोल दाबू नका, १५ अंशांच्या उड्या मारेल. जुना मिटला की नवा आपोआप उघडतो.

नव्या टकचं टोक छातीच्या बिंदूपासून दोन-तीन सें.मी. अलीकडे आणा. दोन्ही पाय पुन्हा मोजा, सारखे हवेत. टकच्या तोंडाशी मायेला जे छोटं टोक येतं ते विसरू नका. टक शिवून दुमडल्यावर बगलेची रेघ सरळ यायला ते लागतं. त्यासाठी टक पुन्हा मिटवून प्रत काढते, सरळ रेघ मारते, आणि त्या रेघेसकट तुकडा परत फिरवून जागेवर आणते.

निळा_खडू

जमलं! अधिकचं चिन्ह हलतं हे माहीतच नव्हतं, इतके दिवस अंदाजाने सरकवत होते.

आणखी एक, साइझ वाढवायची तर सगळं निवडून कुलूप लावून टक्के वाढवले तर चालेल ना?

जुनी_कात्री

नाही! नाही! नाही!

मापात_पाप

काकांच्या तीन नाहींचा हिशोब देतो. छाती ८८ ची ९६ केली, म्हणजे ९.१ टक्के. पाठीची उंची ४० ची ४३.६ झाली. खांदा १२ चा १३.१. प्रत्यक्षात माणूस जाड झाला म्हणून त्याची पाठ साडेतीन सेंटिमीटर लांब होत नाही, आणि खांद्याचं हाड तर बिलकुल नाही. गळा, खांदा, उंची यांची वाढ छातीपेक्षा खूप कमी असते. प्रत्येक टोक किती आणि कुठल्या दिशेला सरकणार हे वेगवेगळं ठरवावं लागतं.

सोपा मार्ग असा. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी साइझ हाताने नीट काढा, समजा ८८ आणि १०४. मग दोन्ही निवडून एक्स्टेन्शन्समधलं 'इंटरपोलेट' चालवा, पायऱ्या ३. मधल्या ९२, ९६, १०० तयार. अट एवढीच की दोन्ही रेघांना नोड तितकेच हवेत, सुरुवात त्याच कोपऱ्यातून हवी आणि दिशाही तीच. नाहीतर मधली साइझ ओल्या कपड्यासारखी पिळून निघते. म्हणून मोठी साइझ नव्याने काढूच नका, लहानीची प्रत घेऊन तिचे नोड सरकवा.

रेषाक्षर

आणि मधल्या साइझचे मुंढे-बाह्या पुन्हा मोजा. टिपेच्या रेघेवर. :)

निळा_खडू

जुने कागदी फर्मे आत घ्यायचे तर फोटो चालतो का? इतका मोठा स्कॅनर कुणाकडे असणार.

रेषाक्षर

चालतो, पण मोबाइल जवळ धरून नको, कडा फुगतात. फर्मा जमिनीवर सपाट ठेवा, शेजारी एक आडवी आणि एक उभी पट्टी. लांबून, वर खुर्चीवर उभं राहून, मधोमध सरळ खाली बघत झूम करून फोटो घ्या. इंकस्केपमध्ये आणल्यावर दोन्ही पट्ट्या खऱ्या मापाला येईपर्यंत फोटो लहान-मोठा करा. एक जुळली आणि दुसरी नाही जुळली तर फोटो तिरका आलाय, पुन्हा काढा.

'ट्रेस बिटमॅप'च्या नादी लागू नका. पेन्सिलच्या रेघेच्या दोन्ही कडा पकडून तो दुहेरी रेघ देतो, सेंटरलाइन निवडलं तरी नोडचा सडा पडतो. फोटो खालच्या लेयरवर कुलूपबंद करा आणि वर स्वतः तीन नोडमध्ये मुंढा काढा. मग कागदी फर्मा टेपने मोजून ताडून बघा.

उसवण

बाही बसली!! कॅप ४५.९, मुंढा ४३.९६. एकही चुणी नाही, खांद्यावर छान गोल आली. मांजरपाट संपल्यामुळे थेट चांगल्या कापडावर उडी मारली.

फक्त एक झालं. कापड थोडं होतं, म्हणून दुहेरी न घालता बाही एकेरी कापडावर दोनदा ठेवून कापली. फाइलमध्येच डुप्लिकेट करून दोन बाह्या छापल्या होत्या. आता माझ्याकडे दोन डाव्या बाह्या आहेत.

जुनी_कात्री

कागद पालटायचा असतो, बाई.

आडवातिडवा

डुप्लिकेट केल्यावर 'एच' दाबा.